शाईची बाजू

अक्काची थोरली लेक चाळिशी उलटल्यावर आई झाली, ते वर्ष. सगळ्यांनी आशा सोडली होती, डॉक्टरांनी सोडली होती, जावयाने तर मन रमवायला कुत्रं पाळलं होतं, आणि अशात ती पोर जन्माला आली. महिनाभर घरात कुणाचा पाय जमिनीवर नव्हता. त्याच उन्हाळ्यात अक्काच्या पोटात दुखायला लागलं. आधी तिने ते बाळंतपणाच्या धावपळीवर ढकललं, मग जागरणांवर, मग वयावर. ढकलायला काही उरलं नाही तेव्हा धाकट्या भावाला फोन केला. धाकटा म्हणजे साठी ओलांडलेला, गुडघ्याला पट्टा बांधून जिना चढणारा, पण तिच्या लेखी तो बारक्याच होता, आणि तिच्यामुळे सगळ्या घराच्याही लेखी.

हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीपलीकडच्या मुलीने एक छोटा कॅमेरा अक्काकडे वळवला. "आजी, इकडे बघा. हसू नका." अक्का म्हणाली, "हसत नाहीये गं, माझं तोंडच तसं आहे." यंत्रातून कार्ड बाहेर आलं, अजून कोमट होतं. अक्काने चष्मा वर करून ते जवळ धरलं, मग लांब धरलं, आणि बारक्याच्या हातात दिलं. "ही कोण?" "तूच की." "ही बाई मला रस्त्यात भेटली तर मी हिला ओळख देणार नाही." ती हे हसत म्हणाली, पण त्याने कार्ड पुन्हा डोळ्यांजवळ नेलं. कार्डावरची बाई अक्का होतीच. भुवईवरची खूण होती, जाड वेणी होती, हनुवटीचा तो हट्टी खळगा होता. तरीही अक्का म्हणत होती ते त्याला खोटं वाटेना. तपासण्या उरकेपर्यंत तो ते कार्ड खिशातून पुन्हा पुन्हा काढून बघत राहिला.

परत येताना टॅक्सीत दाजी पुढे बसले. दाजी म्हणजे अक्काचे यजमान, शाळेत कवायतीचे मास्तर होते, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ड्रायव्हरला डावीकडे, उजवीकडे असे हुकूम सोडत होते. रस्ता ड्रायव्हरला पाठ होता. मागे अक्काने खिडकीबाहेर बघत बघत विषय काढला. "बारक्या, मी गेले की हे लोक माझा फोटो शोधतील. घरात एक धड फोटो नाही. मग हेच कार्डावरचं तोंड मोठं करून भिंतीला लावतील. आणि ती पोर त्याच्याकडे बोट दाखवून म्हणेल, ही माझी आजी."

"काहीतरीच बोलू नकोस."

"काहीतरीच नाही. तू ते उन्हातले निळे फोटो करतोस ना? माझा एक कर. पण मला पटला पाहिजे. नाही पटला तर फाडणार, आधीच सांगते."

पुढून दाजी म्हणाले, "फाडण्यात हिचा हात कुणी धरणार नाही. लग्नातले तीन फाडलेत."

"चार," अक्का म्हणाली. "चौथा तुम्हाला माहीतच नाही."

ड्रायव्हरसुद्धा हसला. बारक्या हसला नाही. अक्काने त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मागायची पाळी नेहमी त्याची असायची. आई कारखान्यात पाळीला जायची, कधी सकाळची, कधी दुपारची, आणि त्या सगळ्या काळात त्याच्या वाट्याची आई म्हणजे त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी असलेली ही मुलगी. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, अक्काने एकदा वाढवलंय, आता आणखी कुणाला तसदी कशाला. लोक हसायचे आणि विषय संपायचा. आज तिने काहीतरी मागितलं होतं, आणि ते त्याच्या हातात होतं, म्हणजे असायला हवं होतं.

तो जन्मभर नकाशांच्या कचेरीत होता. नकाशे काढणारे वेगळे. तो त्यांच्या निळ्या प्रती काढायचा. इमारतीचा नकाशा पारदर्शक कागदावर काळ्या शाईने काढलेला असायचा. तो नकाशा उजेडात रंग बदलणारा मसाला लावलेल्या कागदावर ठेवायचा, वर काच, मग उजेड, मग पाणी. शाईने जिथे उजेड अडवला तिथे पांढरी रेष, बाकी सगळी निळी जमीन. हाताला एकच शिस्त लागली होती: काचेतून बघताना नकाशावरची अक्षरं सरळ वाचता आली पाहिजेत, म्हणजे शाईची बाजू वर. उलटा ठेवला की डावीकडचा जिना उजवीकडे जायचा आणि वरचे साहेब अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असे ओरडायचे. पुढे नवी यंत्रं आली, निळा रंग गेला, आणि काही वर्षांनी तोही निवृत्त झाला. घरी बसल्यावर त्याचे हात त्या निळ्यासाठी वळवळायला लागले. म्हणून त्याने वरच्या मजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांपैकी एक अंधारी केली, त्या मसाल्याची दोन रसायनं आणली, चांगला जाड कागद आणला, आणि गच्चीत काच लावलेली चौकट मांडली. आधी झाडांची पानं कागदावर ठेवून छापली, मग जाळीचा पडदा, मग चष्मा. मग त्याला माणसं छापावीशी वाटली, आणि तिथे खरी अडचण सुरू झाली.

उन्हावर छापायचं तर चित्र मोठं होत नाही. कागदावर जेवढी फिल्म ठेवाल तेवढंच चित्र. आणि त्याच्या जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मा काडेपेटीवरच्या चित्राएवढ्या. म्हणून आधी फिल्मच मोठी करायची: ती कॉम्प्युटरात घ्यायची, पडद्यावर ताणायची, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं नीट आहे ना ते बघायचं, आणि पारदर्शक प्लास्टिकवर प्रिंटरने छापायची. ऐकायला सोपं. पण पडद्यावर देखणी दिसणारी फिल्म उन्हापुढे टिकत नाही. ऊन पातळ शाईतून सरळ आत घुसतं आणि गाल, कपाळ, दात सगळं निळं करून टाकतं. शाई जास्त दाट केली तर चेहऱ्याचं पीठ होतं. कुठली सावली किती दाट हवी हे ठरवायला त्याने करड्या चौकोनांच्या पट्ट्या छापल्या, उन्हात ठेवल्या, धुतल्या, वाळवल्या, पुन्हा छापल्या. त्या पट्ट्या दोरीवर वाळत असायच्या तेव्हा शेजारीण विचारायची, "हे कुणाचे पायमोजे?"

आणखी एक नियम होता, आणि तो त्याच्या जन्मभराच्या सवयीच्या नेमका उलटा होता. नकाशाच्या रेषा ठसठशीत असतात, त्यांना चालतं. चेहऱ्याला चालत नाही. शाईची बाजू वर ठेवली तर शाई आणि कागद यांच्यामध्ये प्लास्टिकची जाडी येते, आणि पापण्या विरघळतात. म्हणून फिल्म पालथी घालायची, शाई कागदाला टेकवायची. पण पालथी घातली की डावं उजवं होणार. म्हणून छापण्याआधीच कॉम्प्युटरात चित्र डावं-उजवं उलटून घ्यायचं. दोनदा उलटं म्हणजे सुलटं. सुरुवातीला हे त्याने कागदाच्या चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवलं होतं. मग अंगवळणी पडलं, चिठ्ठी वाऱ्याने गेली, आणि तो बिनचूक उलटू लागला.

अक्काची एक फिल्म त्याच्याकडे होती. तिला ठाऊक नव्हती. ती पंचेचाळीसच्या आसपासची असताना त्याने घेतलेली. तिच्या घरी खिडकीशी शिवणयंत्र असायचं, आळीतल्या निम्म्या बायकांचे कपडे तिथे व्हायचे. त्या दिवशी ती खाली मान घालून शिवत होती, त्याने दारातून "अक्के!" अशी हाक मारली, तिने वर बघितलं. दातांत दोरा, उजवा हात यंत्राच्या चाकावर, आणि चेहऱ्यावर एकाच वेळी "आलास?" आणि "आत्ताच यायचं होतं?" ती फिल्म त्याने धुतली, पण छापली कधीच नाही. छापली असती तर तिने फाडली असती. इतकी वर्षं ती पाकिटात सुखरूप राहिली ती तिच्यापासून.

त्याने कामाला सुरुवात केली. दोन फिल्मा फुकट गेल्या: एकीत केस आणि मागच्या खोलीतला अंधार एकमेकांत मिसळले, दुसरीत दोरा नाहीसा झाला. तो दोरा त्याला हवाच होता. तिसरीच्या वेळी तो पडद्यापुढे बसला होता, अक्काची डावी भुवई पडद्यावर तळहाताएवढी झाली होती, आणि तो त्या भुवईला छेद देणाऱ्या पांढऱ्या खुणेकडे बघत होता. ही खूण त्याच्यामुळेच. म्हणजे त्याच्यामुळे असं अक्का कधी म्हणाली नाही. तो तिच्या कडेवर होता, ती विहिरीच्या ओल्या दगडांवरून घसरली, आणि पडताना माणूस हात पुढे टाकतो तसे तिने टाकले नाहीत, कारण हात मोकळे नव्हते. तोंडावर पडली, त्याला वर धरून. त्याला यातलं काही आठवत नव्हतं. आईने सांगितलेलं इतक्यांदा ऐकलं होतं की दगडांचा थंडपणाही आठवल्यासारखा वाटायचा. तेवढ्यात फोन वाजला. भाचीचा होता. मागे पोर रडत होती, म्हणून भाची मोठ्याने बोलत होती, आणि त्यामुळे ती बातमी आणखीच उघडीवाघडी झाली. "मामा, रिपोर्ट आले. कापाकापी करून उपयोग नाही म्हणाले. औषधं देतील, दुखू नये म्हणून. आईला सांगितलंय. ती म्हणाली, बारक्याला सांग, घाई कर."

"घाई कर म्हणाली?"

"हो. आणि म्हणाली, मला गोरी करू नकोस."

फोन ठेवून त्याने छापायचं बटण दाबलं. प्रिंटर कुरकुरत पुढे-मागे जात राहिला. फिल्म वाळल्यावर त्याने ती गच्चीत नेली, अंधाऱ्या खोलीतून मसाला लावलेला पिवळट कागद काढला, शाईची बाजू खाली ठेवून फिल्म पालथी घातली, काच दाबली, चौकट उन्हात ठेवली. ऊन कडक होतं, स्वच्छ, एका दिशेने येणारं. कडेचा उघडा मसाला हिरवा झाला, मग निळा, मग राखेसारखा. तो जवळच स्टुलावर बसून राहिला. उपयोग नाही म्हणाले. त्याला या वाक्यातला उपयोग हा शब्द टोचत होता. जन्मभर उपयोगी पडलेल्या बाईबद्दल तो शब्द असा वापरायचा.

मग पाणी. ट्रेमध्ये कागद बुडवला की ऊन न लागलेला मसाला पिवळा होऊन वाहून जातो आणि मागे राहिलेलं हळूहळू उमलतं. आधी मागचा अंधार आला, मग केस, मग त्यांतून तिचा चेहरा. आणि त्याच्या मानेवर काटा आला. ही अक्का होती. फोटोतली नव्हे. त्याने तिला गेली पन्नास वर्षं समोरून बघितलं होतं, पण ही त्याहूनही आधीची, कुठल्यातरी खोलातून वर आलेली, खोबरेल तेलाचा वास असलेली. तो ट्रेच्या कडेला दोन्ही हात टेकवून उभा राहिला. कुठे बघितलं होतं हिला असं? मग त्याचं लक्ष यंत्राच्या चाकाकडे गेलं. चाक पलीकडच्या बाजूला होतं. भुवईची खूणही. फोन आला, आणि तो उलटायला विसरला होता.

चूक समजली तरी काटा गेला नाही. उलट आता कळलं की तो कुठला. लहानपणीच्या घरात भिंतीवर एक लहान आरसा होता, दोऱ्याने लटकलेला, जरा पुढे झुकलेला. रोज सकाळी अक्का त्याला त्याच्यापुढे स्टुलावर उभं करायची आणि मागे उभी राहून त्याच्या केसांतून कंगवा ओढायची. तो ओरडायचा, ती म्हणायची, "गप. ढोल्या डोक्याचा." मागे वळायची परवानगी नव्हती, म्हणून तो तिला आरशात बघायचा. त्या आरशात खूण डावीकडे असायची. त्याच्या पहिल्या आठवणीतला माणसाचा चेहरा तो, आणि तो उलटा होता. मग मोठा झाल्यावर तो स्वतः भांग पाडायला लागला आणि ती अक्का संपली. तिच्या जागी समोरची आली, खूण उजवीकडे असलेली, आणि तिने इतक्या बेमालूम जागा घेतली की बदल झाल्याचं त्याला कळलंच नाही. अक्काला मात्र दुसरी कुठली मिळालीच नव्हती. ती आयुष्यभर तिथेच होती, आरशातली. प्रत्येक फोटोत कुणीतरी दुसरी बाई, तिची खूण, तिची वेणी, तिचा भांग पळवून पलीकडच्या बाजूला घालून बसलेली. तिला ते सांगता येत नव्हतं, म्हणून ती फाडत होती.

ओला कागद वाळायच्या आतच तो निघाला. पाठीमागे पुठ्ठा लावून, वर मलमलीचा तुकडा टाकून, बसमध्ये दोन्ही हातांनी धरून. अक्का पलंगावर उशांना टेकून बसली होती. नात तिच्या पायांशी झोपली होती, मूठ आवळून. दाजी औषधांच्या बाटल्या उंचीप्रमाणे रांगेत लावत होते. त्याने मलमल काढली आणि कागद तिच्यापुढे धरला. चुकीबद्दल काही बोलला नाही. 

 अक्काने हात पुढे करून निळ्यातल्या भुवईवरून बोट फिरवलं, मग तेच बोट आपल्या भुवईवर नेलं.

"अगंबाई," ती म्हणाली. "ही बघ. ही होती कुठे इतके दिवस?"

"पटली?"

"मेल्या, दोरासुद्धा दिसतोय दातांतला." तिचे डोळे भरले होते, पण आवाज भांडणाचाच होता. "मी बरी होते की रे. मला उगाच वाटायचं."

दाजी मागून आले, चष्मा पुसून वाकले. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काहीतरी गडबड आहे. ही हिची बहीण वाटते."

"मला बहीण नाही."

"तेच म्हणतोय मी. चाक बघ. चाक पलीकडे गेलंय."

"माझ्या उजव्या हाताशी आहे," अक्का म्हणाली. "तिथंच असतं ते. तुम्ही कधी बसलायत का यंत्रावर?"

"मी समोर बसायचो. रोज. पेपर वाचत. समोरून चाक इकडे दिसतं." दाजींनी डावा हात हलवून दाखवला, कवायतीत दाखवतात तसा. मग त्यांचा आवाज खाली आला. "बारक्या, काम सुरेख आहे, वाद नाही. पण ही मला ओळखीची वाटत नाही. हिच्याबरोबर नाही राहिलो मी."

 बारक्याने मग सगळं सांगितलं: फोन, विसरणं, शाईची बाजू. अक्का ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे तुम्हा सगळ्यांना ती दुसरीच दिसत आली. ती कार्डावरची." हे तिने कुणाला दोष दिल्यासारखं म्हटलं नाही. नवीन गावाची माहिती ऐकावी तसं म्हटलं. "आणि ही मला एकटीलाच."

"मलाही," बारक्या म्हणाला. "केस विंचरायचीस तेव्हा."

 "ढोल्या डोक्याचा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो दाजींसाठी आणखी एक प्रत काढायला बसला. कॉम्प्युटरात एकदा उलटून नवी फिल्म छापली असती तर झालं असतं, पण प्रिंटरची काळी शाई संपली होती, दुकान बंद होतं, आणि अक्काने घाई कर म्हटलं होतं. म्हणून त्याने तीच फिल्म उचलली आणि जन्मभर नकाशे ठेवले तशी ठेवली, शाईची बाजू वर. हाताला ते इतकं बरं वाटलं की त्याला स्वतःचंच हसू आलं. आभाळ मात्र भरून आलेलं. ऊन नव्हतं, नुसता चहूकडून पाझरणारा पांढरा उजेड. चौकट कितीतरी वेळ बाहेर ठेवावी लागली. असा उजेड शाईच्या कडेखालून आत शिरतो, प्लास्टिकच्या जाडीतून सरकतो, आणि कागदावर पोचेपर्यंत रेघेचं काठाशी धुकं होतं. धुतल्यावर तेच दिसलं. चाक बरोबर बाजूला, खूण बरोबर बाजूला, पण दोरा जवळजवळ गेला होता, आणि पापण्या कुणीतरी बोटाने पुसल्यासारख्या. तो चित्राकडे बघत बसला. जिला ती स्वतः बघायची ती रेखीव आली होती, आणि जिला बाकी सगळे बघत होते ती अशी. मध्ये एवढीशी जाडी. त्याला वाटलं, हे दाजींना दाखवू नये. मग वाटलं, दाखवावं.

दाजींनी चित्र हातात घेतलं, खिडकीशी नेलं, आणि पाठ फिरवून उभे राहिले. "हां," एवढंच म्हणाले. 

"आणा इकडे," अक्का म्हणाली. तिने बघितलं. "ही? ही तुम्हाला दिसते? तुम्हा सगळ्यांनाच चष्मा हवा." मग थोड्या वेळाने, "बारक्या, भिंतीला हीच लावा. मागाहून."

"तुला पटली नाही ना? तू म्हणालीस, पटली पाहिजे."

"माझी मला पटलेली मिळाली. ती माझ्याजवळ राहू दे, मी असेपर्यंत. मागाहून मी काय बघायला येणार आहे? बघायचंय तुम्हाला. ज्याच्याशी भांडलात त्याच माणसाचा फोटो हवा." आणि दाजींकडे वळून, "आता रडू नका, पोर उठेल."

औषधांनी पुढचे काही महिने बरे गेले. रेखीव अक्का तिच्या उशाशी होती. धूसर अक्का वर्तमानपत्रात गुंडाळून दाजींच्या कपाटात, मागाहूनसाठी. बारक्या एक दिवसाआड यायचा. तिघे पत्ते खेळायचे, अक्का लबाडी करायची, दाजी नियम सांगायचे, पोर पत्ते चघळायची. त्याने शाई आणली होती, नीट उलटून घेतलेली, पापण्या शाबूत असलेली नवी फिल्म कधीही करता आली असती. दाजींना त्याने तसं विचारलंही. ते म्हणाले, "नको. मला चष्म्याशिवाय ती अशीच दिसते. सकाळी उठल्यावर."

डिसेंबरात एका सकाळी दाजी दाढीचं पाणी तापत ठेवून खुर्चीत बसले आणि तसेच गेले. कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. सगळी तयारी दुसऱ्याच जाण्याची चालली होती. त्यानंतर काही दिवसांनी बारक्या आला तेव्हा अक्काच्या उशाशी रेखीव चित्र नव्हतं. तिथे धूसर होतं, वर्तमानपत्राच्या घड्या कागदावर उमटलेलं. ते तिने लेकीकडून कपाटातून काढून घेतलं होतं. ती कुशीवर वळून चित्राकडे बघत होती, चष्मा न लावता.

"ह्यांना मी अशी दिसायचे," ती म्हणाली.

"हो."

"कधी बोलले नाहीत."

तो पलंगाच्या कडेवर बसला. तिने चित्रावरची नजर काढली नाही. "बरी दिसायचे की रे," ती म्हणाली.

अक्का मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गेली, मंगळवारी दुपारी.